शेंदराखालच्या मिशा

"उद्घाटन लंकाबाईंच्याच हस्ते!" वाल्मीकरावांनी जाहीर केलं आणि गोरक्षचा निम्मा चहा बशीत सांडला.

लंकाबाई म्हणजे गोरक्षच्या सासूबाई. गंगापूर रोडवरच्या एका खासगी संग्रहालयात गोरक्ष कित्येक वर्षं कंत्राटावर मूर्तींची देखभाल करत होता. नवं स्पर्शदालन नीट मार्गी लागलं तर त्याला कायम करायचं, असं अध्यक्ष वाल्मीकरावांनी चारचौघांत कबूल केलं होतं. त्या दालनात डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला आणि हातात मोजे घातले की जुनं देऊळ समोर उभं राही. मूर्तीला हात लावला तर मोज्यांतून बोटांना दगडाचा उंचसखलपणा खरोखर जाणवे. खरी मूर्ती काचेआड सुखरूप.

घोळ होता तो मूर्तीतच. लंकाबाईंच्या मळ्यात, झेंडूच्या वावराच्या बांधावर, ही देवी तीन पिढ्या शेंदूर लेऊन उभी होती. दर नवरात्रात शेंदराचा नवा थर, चांदीचे डोळे, हिरवी साडी आणि ओटी. त्या थरांखाली नाक कुठं नि कान कुठं, ते देवीलाच ठाऊक. बांधावरून रस्ता जायचा ठरला, तेव्हा जावयाने गोड बोलून देवी संग्रहालयात आणली. एका दुपारी साफ करताना शेंदराचं कवच अख्खं सुटून हातात आलं आणि आतून निघाला द्वारपाल. हातात गदा, कमरेला पट्टा, ओठांवर पिळदार मिशा. वाल्मीकरावांना स्वतःला मिशा असल्यामुळे त्यांना तो फारच आवडला आणि स्पर्शदालनाचा मान त्यालाच मिळाला.

आता हे सासूला सांगायचं कोणी? गोरक्षने दोन वर्षं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"देवी बरी हाय ना, जावईबापू?" फोनवर ठरलेला प्रश्न.

"बरी आहे, मामी. साफसफाई चालू आहे."

"उकडत नाय ना तिला?"

"एसी आहे, मामी."

उद्घाटनाच्या सकाळी गोरक्षने संगणक सांभाळणाऱ्या चैतालीला कोपऱ्यात घेतलं. "आज द्वारपाल नको. ती सुरसुंदरी लाव, देवळाच्या भिंतीवरची अप्सरा. बाईमाणूस आहे, खपून जाईल."

"पण सर, ती सुरसुंदरी..."

"लाव म्हणतो ना!"

लंकाबाई टेम्पोभर बायका घेऊन आल्या. हार, नारळ, ओटी, सगळं सोबत. त्यांनी दाराशी चपला काढल्या, पदर सावरून चष्मा चढवला, मोजे घातले. त्यांना दिसणारं सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं.

"अगं आई गं!" लंकाबाई किंचाळल्या. "अंगावर चिंधी नाय हिच्या! मी दिलेल्या साड्या कुठं गेल्या, जावईबापू?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. चैतालीला काय सांगायचं होतं, ते गोरक्षला आता कळलं.

"चुकीची मूर्ती लागलीय!" वाल्मीकराव गरजले. "यांनी दिलेली लावा, यांनी दिलेली!"

चैतालीने ती लावली. लंकाबाईंनी हात जोडले. पावलांना हात लावला, मग मायेने हात वर वर नेत चेहऱ्यापर्यंत आणला आणि ओठांवर तो थबकला. मोजे परदेशी होते, कामाला चोख होते.

"जावईबापू, हे काय हाय?"

"ती... शिल्पशैली आहे, मामी."

"शैली मला नका शिकवू. मिशा हायेत ह्या!"

एरवी कधीही जाणारी वीज आत्ता जावी, अशी गोरक्षने मनोमन प्रार्थना केली. वीज गेली नाही. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामी, तो पहिल्यापासून द्वारपालच होता."

"म्हंजे माझ्या सासूनं, तिच्या सासूनं दरसाल एका गड्याची ओटी भरली?" लंकाबाईंनी चष्मा उतरवला. क्षणभर विचार केला आणि त्यांचं उत्तर तयार झालं. "नाय. देवीच होती ती. तुम्ही बदलली! आधी ती उघडी बाई दाखवली, मग हा पैलवान. खरं सांगा, माझी देवी कुठं विकली?"

वाल्मीकरावांचा चेहरा उतरला. "गोरक्ष, मूर्ती बदललीत?"

"नाही हो साहेब! आणली तेव्हाचा फोटो आहे ना!"

फोटो पडद्यावर आला. लाल गोळा, चांदीचे डोळे, हिरवी साडी. शेजारी गदाधारी द्वारपाल. ही दोन्ही एकच, असं गोरक्षचा स्वतःचाही विश्वास बसेना.

"पोलिसांना कळवावं लागेल," वाल्मीकराव पुटपुटले. गोरक्षला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी गेली, सासर गेलं, आता अब्रूही चालली होती.

तेवढ्यात त्याला टेबलाखालचा थर्माकोलचा खोका आठवला. कवच कचऱ्यात टाकायला हात धजला नव्हता, म्हणून त्याने ते जपून ठेवलं होतं. तो धावत जाऊन खोका घेऊन आला. "हे बघा! आतून मिशांचा ठसा आहे, अगदी तस्साच!"

आतून कोणी बघितलंच नाही. बाहेरून चांदीचे डोळे चमकत होते.

"आई!" लंकाबाईंनी कवच मांडीवर घेतलं आणि त्या ढसाढसा रडू लागल्या. गोरक्षला स्वतःची लाज वाटली. देवी दोन वर्षं त्याच्या पायाशी होती आणि तो मिशांना घाबरत बसला होता.

"चोरी कसली हो," लंकाबाई डोळे पुसत अध्यक्षांना म्हणाल्या. "जावयानं जपली तिला, टेबलाखाली का हुईना."

"घरी घेऊन जा, मामी," गोरक्ष उतावीळपणे म्हणाला.

"घरी? हितं एसी हाय, तिला सवय झाली. पन दोन टाइम दिवाबत्ती घरच्याच माणसानं करायची."

दाराशी ओट्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची गर्दी वाल्मीकरावांनी एकदा पाहिली. "गोरक्ष," ते प्रसन्नपणे म्हणाले, "तुम्ही कायम!"

निघताना लंकाबाईंनी पुन्हा चष्मा चढवला, मोजे घातले आणि द्वारपालाचा कान पिळला. "तीन पिढ्या साड्या नेसून उभा ऱ्हायला, पन बोलला नाय मेला!" मग चष्म्यातूनच जावयाच्या दिशेने वळल्या. "तुमच्यासारखाच."

आता स्पर्शदालन ओस असतं आणि रांग असते ती शेंदराच्या कवचापुढे. पुरातत्त्वाची पदवी घेतलेला गोरक्ष सकाळ-संध्याकाळ आरती करतो.

"कायम झालात ना? मग तोंड का असं?" त्याची बायको वेदिका रोज विचारते.

परवा आरती आटोपून तो दाराशी टेकला होता. गर्दीमुळे द्वारपालाची काचपेटीही तिथंच हलवली आहे. एक बाई आली, तिने चपला काढल्या आणि दोघांच्या मधोमध ठेवल्या.

"जरा लक्ष ठेवा हो," असं म्हणून ती आत गेली.

गोरक्षने निमूटपणे मान हलवली.