घरी बनवलेलं संकट

आमच्या कन्येच्या आयुष्यात एकही संकट नाही, हा शोध मला एका सकाळी दाढी करताना लागला. त्याच दिवशी दहा वाजता ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरांपुढे ‘स्वतः धडपडा, स्वतः शिका’ यावर मला बोलायचं होतं. (साहेबांनी मला निवडलं, कारण बाकीच्यांना कामं होती.) माझी बढती साहेबांच्याच हातात, त्यामुळे भाषण रंगणं भाग होतं. त्याला घरचं उदाहरण हवं होतं, आणि कन्येला तर कधी साधी ठेचही लागलेली नव्हती.

संकट बाजारात मिळत नाही, म्हणून घरीच बनवलं. सगळे उठायच्या आत बाथरूमच्या दाराची आतली मूठ ढिली करून ठेवली. कन्या अडकेल, घाबरेल, मग धडपडून बाहेर येईल, आणि दहा वाजता मी टाळ्या घेईन.

कन्या आत गेली. मी पेपर उलटा धरून कान टवकारले. ती न्हाऊन, शीळ घालत बाहेर आली.

म्हणजे स्क्रू पुरते ढिले झालेच नव्हते. (माझं कुठलंच काम पुरतं होत नाही, असं हिचं लग्नापासूनचं मत आहे.) म्हटलं, आंघोळ करता करता पाहणीही उरकू. आत गेलो, दार लावलं, न्हालो, टॉवेल गुंडाळला आणि मूठ खाली दाबली.

दार ढिम्म.

“अहो, ऑफिस नाही का आज?” बाहेरून ही.

“दार अडकलंय. सुताराला बोलाव.”

“आई, थांब,” कन्या म्हणाली. “आयतं मिळालं की माणूस पांगळा होतो.”

हे वाक्य माझं. आठवडाभर घरात आणि ऑफिसात मी ते मोठ्याने घोकत होतो.

“बाबा, तुला काय वाटतं, काय करून बघावं?”

“मला वाटतं, तू दार उघडावंस.”

“ते माझं शिकणं झालं. तुझं काय?”

मी दाराला खांदा दिला. दाराने तो परत केला. कुलपात साबण चोळला, कंगवा मोडला. शेवटी बादली पालथी घालून झरोक्यातून मुंडकं बाहेर काढलं. समोरचे शेजारी कुंड्यांना पाणी घालत होते.

“काय, आज सुट्टी?”

“नाही, भाषण आहे.”

ते पाणी घालतच राहिले.

मी हताश होऊन दारालगत फतकल मारली. जरा वेळाने उठलो, तर टाळू खालून खाडकन मुठीवर आदळली, मूठ वर उचलली गेली आणि दार उघडलं. (डोकं वापरल्याचं माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच उदाहरण.)

“मघाशी मूठ माझ्या हातात आली,” कन्या शांतपणे म्हणाली. “कात्रीच्या टोकाने मीच बसवली. जरा उलटी बसलीये, वर उचलायची.”

“मग आधी सांगायचंस की.”

“सांगितलं असतं तर शिकला असतास?”

टेंगूळ घेऊन ऑफिसात पोचलो तेव्हा हॉल रिकामा होता. साहेब मात्र खुशीत दिसले.

“तुम्ही आला नाहीत, तर पोरांनी आपापसात बोलून सगळा कार्यक्रम उभा केला. काय रंगला म्हणून सांगू. शिकवण्याची ही पद्धत मानली बुवा तुमची. पुढच्या वेळी येऊच नका.”

मी संधी साधली. “साहेब, मग ते बढतीचं…”

“छे, छे,” साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आयतं मिळालं की माणूस पांगळा होतो. तुमचंच ना हे?”