कावडीपुढची बाई

शहरातल्या उस्मानपुऱ्याच्या घरचा मुक्काम उरकून पहाटे कावड निघाली तेव्हा आप्पासाहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ होतं. नऊ वाजेपर्यंत त्यातले आठ हत्ती परत गेले.

पैठणहून गोदावरीचं पाणी आणून चैत्रात अजिंठ्याकडच्या आपल्या गावी महादेवाला घालायचं, हा मान त्यांच्या घराकडे तीन पिढ्यांचा. निजामाच्या राज्यात तो चुकला नाही, पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षीही चुकला नाही. वडील वारले आणि यंदा तो कचेरीच्या खुर्चीत वाढलेल्या आप्पासाहेबांच्या खांद्यावर आला. नियम कडक होते. पाय अनवाणी, कावड जमिनीला टेकवायची नाही आणि घरच्या कुणी तिला पाठ दाखवायची नाही. ओवाळून झाल्यावर दारातल्या बायकासुद्धा मागं मागं सरत घरात शिरल्या होत्या. कावड टेकली, की मान चुलतभाऊ बन्सीच्या घरी जाणार होता. बन्सी सोबत होताच, आणि त्याचं सगळं लक्ष कावडीच्या खालच्या टोकाकडे होतं. खांदेपालटाला सांडू आणि फकिरा होते.

चौका गाव मागं पडलं आणि ऊन डोक्यावर आलं. वारा थांबला. पाखरू ओरडेना. रस्त्याच्या कडेच्या फुफाट्यातून चौघं चालले होते, तोच फकिरा खाली वाकला. हरवलेली गुरं माग काढून आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"समोरून बाई आलीय. अनवाणी. डाव्या पायाला करंगळी नाय."

"आली असंल. त्यात काय?" आप्पासाहेब म्हणाले.

"आली, तर मंग आपल्याला गाठ का नाय पडली?"

ठसे ताजे होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. सगळ्या टाचा पुढं, सगळी बोटं यांच्याकडे.

"उलट्या पायाची हाय," सांडू हळूच म्हणाला.

"गप! मी असलं काही मानत नाही," आप्पासाहेब म्हणाले. आणि ठशांना वळसा घालून चालू लागले.

वळण ओलांडलं आणि ती दिसली. उन्हाच्या झळांत पांढरं लुगडं थरथरत होतं. तोंड यांच्याकडे. चौघं चालले, पण ती काही जवळ येईना. चौघं थांबले, तीही थांबली. पुन्हा चालले, तर ती तोंड तसंच इकडे ठेवून लांब सरकू लागली. मग तिनं हात वर केला आणि सावकाश बोलावलं.

"या... या..." सुरकुतलेला बारीक आवाज आला.

सांडू आणि फकिरा दोन दिशांनी रानात पळाले. आसपास एकच बाभूळ होती. तिच्यावर काट्यांसकट बन्सी चढला.

"आप्पा, ठिव ती कावड खाली अन् पळ!"

घागरी डुचमळत होत्या. खांदा द्यायला माणूस नाही, कावड अडकवायची तर एकुलत्या झाडावर बन्सी. खाली ठेवावी, तर वडिलांचं नाव आपल्या हातानं मातीत जाणार. उभं राहावं, तर तळपाय भाजत होते. भीतीनं त्यांना रडू येत होतं. शेवटी ते डोळे बारीक करून सरळ तिच्याच दिशेनं चालत सुटले.

ती मागं सरत राहिली. हे चालत राहिले. फर्लांगभर असंच. मग फटकन आवाज झाला आणि ती एकाएकी दिसेनाशी झाली.

"या अल्ला! अम्मा, अंधी है क्या?"

चिंचेखाली कमरोद्दीनची पाणपोई होती. फुटलेल्या माठाच्या खापरांत, ओल्या लुगड्यानं, आप्पासाहेबांची सत्तरीची आत्या सारजाबाई बसली होती.

"अहो, ही अम्मा उलटी चालत आली अन् सीधी माझ्या माठावर बसली!" कमरोद्दीन म्हणाला.

"आत्या! तू तर बैलगाडीनं पुढं फुलंब्रीच्या मुक्कामावर गेली होतीस ना?"

"चौक्यात बैल बसला, लेकरा. तुझ्या आधी पोचून तुझे पाय धुवायचे व्हते, म्हणून निघाले चालत. कावड दिसली मागं, मंग पाठ कशी दाखवू? कवापास्नं हात करते, या बिगीबिगी, सावली जवळ हाय!"

आप्पासाहेबांनी कावड चिंचेच्या फांदीला अडकवली आणि पोट धरून हसले. सांडू आणि फकिरा लाजत परतले. मागून काटे उपसत बन्सी आला. त्यानं भरलेल्या घागरी बघितल्या आणि मान खाली घातली.

"जितलास, आप्पा. आम्ही पळालो, तू नाय टेकवलीस. आजपास्नं मान तुझ्याच घरात, कायमचा. महादेवाची आन!"

हेच ऐकायला आप्पासाहेब पैठणपासून तळपाय भाजत आले होते. डोळे भरून आले. ते आत्याच्या पाया पडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय मोजतूस रं?" सारजाबाईनं विचारलं.

"काय नाय, आत्या." त्यांनी पुन्हा मोजलं. आत्याच्या डाव्या पायाला पाच बोटं होती. करंगळी जागच्या जागी.

"बन्सी," ते न उठता म्हणाले, "एवढा मोठा मान एकट्या घरानं घ्यावा हे काही बरं नाही. फुलंब्रीपर्यंत तू घे."

"छ्या! आन घेतलीय मी," बन्सी म्हणाला. तोही आत्याच्या पायाकडेच बघत होता.

चिंचेखाली कावड हलत होती. पुढचा रस्ता उन्हात मोकळा पडला होता, आणि ती खांद्यावर घ्यायला चौघांपैकी कुणीच उठेना.