रांग आधी, खिडकी नंतर

"दहा माणसांत शंभरांची रांग दाखवतो की नाही बघ!" एव्हेन्सने कॅमेरावाल्या रामिरोला छाती ठोकून सांगितलं.

हैतीहून चिलीतल्या सांतियागोत आल्यापासून तो दिवसभर सिमेंटची पोती उचलायचा आणि उरलेल्या वेळात थोर दिग्दर्शक असायचा. परदेशी माणसाला कागदासाठी झुलवणाऱ्या कचेरीवर त्याला सिनेमा काढायचा होता. गोडगोड नाही, कारल्यासारखा कडू! पाद्र्याने चर्चचा हॉल एका दिवसापुरता दिला. एव्हेन्सने प्लायवूडची खिडकी ठोकली, वर 'परदेशी नागरिक विभाग' असं रंगवलं आणि मागे ओस्वाल्दो नावाचा नाटकवाला बसवला. त्याला वाक्य एकच : "आजचं संपलं, उद्या या!"

"स्वतःचे कागद अडकलेत ते बघ आधी!" रंगाचा डबा धरून उभी रोझमीत मावशी करवादली.

"मावशी, हा सिनेमा होऊ दे, कागद माझ्यामागे पळत येतील!"

सकाळी भाड्याची दहा माणसं दारात उभी केली. तेवढ्यात अकरावा आला. मग कडेवर लेकरू घेतलेली एक बाई. "नवीन खिडकी उघडली का हो?" रांग दिसली की उभं राहायचं, हे परक्या देशात आधी शिकवतात, भाषा नंतर! फोन फिरले. रांग कोपऱ्यापलीकडे गेली. सोपाईपियाच्या पुऱ्या तळणारीने कढई मांडली. पोलीस आला आणि रांग सरळ करून गेला!

लेकुरवाळी खिडकीशी पोचली. ओस्वाल्दो गरजला, "आजचं संपलं, उद्या या!"

बाई ओरडली नाही, रडली नाही. "बरं साहेब. किती वाजता येऊ?"

ओस्वाल्दोचा चेहरा उतरला. "बसा ना बाई. पाणी देऊ?"

"अरे गाढवा, तू सिनेमातला दुष्ट आहेस!" एव्हेन्स किंचाळला.

"कसला दुष्ट! ती खरंच उद्या येईल रे!"

एव्हेन्स खुर्चीवर चढला. "लोकहो, घरी जा! हे खोटं आहे! सिनेमा आहे!"

कोणी हललं नाही. एक म्हातारा हसला. "पोरा, रांग कमी करायला सगळे असंच काहीतरी सांगतात."

खुर्चीवरून त्याला ती अख्खी रांग दिसली. उन्हात डोळे बारीक केलेली, कागद छातीशी धरलेली माणसं. हाच तो सीन! जन्मभर हाच हवा होता!

"रामिरो! कॅमेरा फिरव!"

कॅमेरा तिकाटण्यावर एकटाच उभा होता. बोलिव्हियाचा रामिरो रांगेत होता, कागदांची पिशवी घेऊन. त्याच्या पुढे रोझमीत मावशी.

"ये इकडे," मावशी म्हणाली. "तुझी जागा धरलीय."

"मावशी! ती खिडकी मी ठोकलीय! आज पहाटे! डबा तूच धरला होतास!"

"माहीत आहे. पण रांग तर खरी आहे ना?"

एव्हेन्सने खिडकीकडे बघितलं. रंग अजून ओला होता. मग इकडेतिकडे बघून तो गुपचूप मावशीच्या मागे जाऊन उभा राहिला.

न जाणो!