शेगडीचा पंचनामा

आमच्या गल्लीत मांजराने दूध सांडलं तरी त्याचा पंचनामा होतो. तो करतात माझे शेजारी, गिरदावर काकाजी. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून मोजणी आणि चौकशी करणारा महसुलातला माणूस म्हणजे गिरदावर. काकाजींना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना अजून कुणी लेखी कळवलेली नसावी. घरात काही बिघडलं की ते टोपी चढवतात, वही काढतात आणि गरजतात, "मौक्यावर कोन कोन हाजिर व्हतं?" दुधाच्या प्रकरणात आरोपी फरार होता. "एक नामालूम मांजर, रंग करडा, शेपटी साबूत," ही नोंद मी स्वतः वाचली आहे, कारण खाली पंच म्हणून सही माझीच आहे. मी पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. दुकान घरातच, त्यामुळे पंच म्हणून मी कायम हाताशी असतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या शेगडीचा पंचनामा झाला. आमच्या भीमपूरची थंडी अशी की खोबरेल तेल बाटलीतून बाहेर यायला नऊ वाजतात. म्हणून पुतण्याने कुठून तरी पेलेटची शेगडी आणून दिली होती. लोखंडी पेटी, वर तवा, मागे धुराची नळी. आत पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, भुसा दाबून केलेले पेलेट टाकायचे, दिसायला थेट ढोरांच्या खुराकासारखे. एकदा शेळीने पसाभर खाल्ले, तेव्हा तिचाही जबाब झाला. या शेगडीला काडी लावायची नाही, बटन दाबायचं. आत इग्नायटर असतो, म्हणजे बोटाएवढी कांडी. ती विजेवर लाल होते आणि चार-पाच मिनिटांत पेलेट पेट घेतात.

ही शेगडी काकूंची. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. काडी ओढता येत नाही, गॅसजवळ सून जाऊ देत नाही. पण बटन दाबता यायचं. त्यामुळे सकाळचा पहिला चहा काकूंच्या हातचा. अर्धा बशीत सांडायचा. काकाजी तो बशीतूनच ओढायचे आणि म्हणायचे, "मंजूर."

एका सकाळी शेगडी पेटली नाही. मी गेलो तर काकू बाजेवर बसलेल्या, दोन्ही हात शालीत लपवलेले. "काई नाई झालं रे बापू," त्या म्हणाल्या, "माह्या बोटाइतच दम नाई राह्यला. बटन दाबल्याच जात नाई."

"तहकीकात झाल्याबिगर कोनी निकाल द्यायचा नाई!" काकाजी कडाडले.

मी म्हटलं, "काकाजी, कापूर टाकून काडी लावतो ना. चहा त होऊन जाईन."

"खबरदार! मौका खराब करून राह्यला काय? आधी सारे जबाब होतीन. तवरोक या घरात मी चहा घेनार नाई." दिवसातून सहा वेळा चहा पिणारा माणूस हे बोलला. सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

मग जबाब सुरू झाले. आधी सुनेला बटन दाबायला लावलं, मग मला. मग दूधवाला, पोस्टमन, भाजीवाली, आणि दुसऱ्याच कुणाचं घर विचारायला आलेला एक बोथ गावचा पाहुणा. प्रत्येकाचं नाव, वय, कोणतं बोट वापरलं ते, आणि शेवटी "दाबलं, पेटली नाई" असं लिहून सही. कापसाच्या गाठी उचलणारा एक हमाल तर मुद्दाम बोलावून आणला. त्याने अंगठ्याने असं दाबलं की बटन आत रुतून बसलं. ते मी चिमट्याने ओढून काढलं. प्रत्येक जबाब काकाजी बाजेकडे तोंड करून मोठ्याने वाचत. असे चौदा जबाब झाले. मला मनापासून वीट आला होता. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं आणि मी इथे हमालाच्या अंगठ्याचा साक्षीदार!

शेवटी मला हात लावायची इजाजत मिळाली. आधी वायर काढली, पेलेट जळतात त्या भांड्यातली राख झाडली, हवेचं भोक तारेने मोकळं केलं. फ्यूज शाबूत होता. वायर लावून बटन दाबलं तर कांडीच्या तारांपर्यंत करंट येत होता. पुन्हा वायर काढून कांडीलाच मीटर लावला, तर काटा ढिम्म. आतली तार तुटली होती. काकाजींनी लिहिलं, "काट्याने साक्ष देण्यास नकार दिला."

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो तेलुगूत म्हणाला, "सार, ऑफ चेसि मळ्ळी ऑन चेयंडी." बंद करून परत चालू करा! काकाजींनी त्याचाही जबाब लिहून घेतला आणि फोनवर सही मागितली. तो बिचारा इतका घाबरला की कांडी चौथ्या दिवशी बसच्या पार्सलने हजर झाली.

दोन स्क्रू ढिले करून मी जळकी कांडी ओढली, नवी तितकीच आत सरकवली, तारा जोडल्या. जुनी कांडी काकाजींनी मुद्देमाल म्हणून फडक्यात बांधून लाखेने मोहोरबंद केली. मग म्हणाले, "आता हिनं दाबायचं."

काकूंनी शालीतून हात बाहेर काढलाच नाही. "सूनबाई दाबन. माह्यानं नाई पेटत."

काकाजींनी वहीचं पान उलटलं आणि उभं राहून वाचू लागले. "जबाब सोळावा. मी स्वतः. रोज पाचला, सौ. उठायच्या आधी, मी बटन दाबून शेगडी पेटवून पाहतो व विझवतो. न पेटल्यास ती आपल्या हाताला दोष देईल, ही भीती. रोज दोनदा तापून कांडी लवकर जळाली. कसूर माझी. सौ.च्या बोटांचा काही संबंध नाही."

चार दिवस ज्यांच्यावर चिडलो होतो, त्यांच्याकडे आता मान वर करून बघवेना.

"मले मालूम हाय," काकू हळूच म्हणाल्या. "रोज पाह्यटे बटनाचा आवाज येते. तुमाले बरं वाटावं मनून मी डोये मिटून पडून राह्यते. त्या दिवशी पाचले तुमच्या हातानं पेटली. साहाले माह्या हातानं नाई पेटली. मंग मी काय समजू, सांगा?"

काकाजी मटकन बाजेवर बसले. टोपी काढून ते म्हणाले, "मंजे कांडीचा आखरीचा दम मीच खाल्ला व्हता."

काकूंनी हात बाहेर काढला. बोट बटनापाशी दोनदा घसरलं. आम्ही कुणी पुढे झालो नाही. तिसऱ्यांदा बटन दाबलं गेलं. मग ती चार-पाच मिनिटं, जी मला माझ्या लग्नाच्या मुहूर्तापेक्षा लांब वाटली. आधी धुराची एक रेघ आली, आणि मग आत भप्पकन उजेड झाला.

"उद्यापासून पाचले मलेच उठवा," काकू म्हणाल्या. "एकाच डाव पेटवू अन् तवाच चहा घेऊ."

काकाजींनी वही पुढे केली. काकूंची सही तीन ओळी ओलांडून गेली. शेजारी मी लिहिलं, "सही माझ्यासमोर केली," आणि माझी सही केली.

आता रोज पहाटे पाचला भिंतीपलीकडून "मंजूर" असा दणदणीत आवाज येतो आणि माझी झोप मोडते. तक्रार द्यावी, तर तपास काकाजींकडेच जाणार. मी दिलेली नाही.