भालेरावांचा नंतरचा अल्बम

डांगे चौकात कंपनीच्या बसमध्ये चढल्यावर भालेरावांच्या शेजारची जागा रिकामी दिसली, की नवा माणूस खूश होतो. जुने लोक मुकाट्याने मागे चाकावरच्या सीटवर जाऊन धक्के खातात. कारण बसल्या बसल्या भालेराव आपला एक इयरफोन शर्टाला पुसतात, तुमच्या कानात घालतात आणि म्हणतात, "आधीचं विसरा, राव. हे ऐका."

हे म्हणजे एका विलायती हार्ड रॉक बँडचा अल्बम. बँडचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच त्यांच्या त्या गाजलेल्या अल्बमबद्दल बोलू लागाल, आणि भालेरावांना नेमकं तेच सहन होत नाही. त्यांचा जीव त्याच्या नंतरच्या अल्बमवर. तो पडला. इतका, की खुद्द बँडवालेही त्यातलं गाणं कार्यक्रमात वाजवत नाहीत म्हणे.

मुलीच्या साखरपुड्यात भालेरावांनी डीजेला त्यातलं एक गाणं लावायला सांगितलं. मुलाच्या आत्याला वाटलं स्पीकर फाटला. डीजेलाही तसंच वाटलं. त्याने वायर काढली. त्या अल्बमचा टी-शर्ट कुठे मिळत नाही, म्हणून त्यांनी चिंचवडला छापून घेतला. दुकानदाराने चित्र उलटं छापलं. भालेराव तोच घालतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सुलटं असतं तरी कोणी ओळखलं असतं?"

हे सगळं कशापायी, ते मला कंपनीतल्या जुन्या माणसांकडून कळलं. भालेराव पूर्वी डिझाइनला होते. वेल्डिंग करताना मोटारसायकलची फ्रेम घट्ट धरून ठेवायला एक भलंमोठं फिक्स्चर लागतं. तसं एक त्यांनी असं बनवलं, की मोठ्या साहेबांनी लाइनवर येऊन हात मिळवला. मग नव्या मॉडेलसाठी दुसरं सांगितलं. त्यावर भालेराव घरदार विसरून राबले. ट्रायलला फ्रेम त्यात नीट बसेना. जेवणाच्या सुट्टीआधीच ट्रायल थांबवली आणि भालेरावांची बदली स्टोअरला झाली. तिथेच ते अजून आहेत. ते दुसरं फिक्स्चर आमच्या निघोजेच्या कारखान्यातल्या शेडमागे ताडपत्रीखाली पडून होतं.

गेल्या महिन्यात भंगाराचा ट्रक आला. भालेराव शेडमागे उभे आहेत असं कळल्यावर मी दोन चहा घेऊन गेलो. एक त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "रविवारी तुमचा तो अल्बम ऐकला. पूर्ण."

"पूर्ण?" त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग?"

खोटं बोलवेना. "नाही आवडला, भालेराव."

"मलाही नाही आवडत," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आवडून घ्यायचा खूप प्रयत्न केला. नाही जमलं. फसलाच आहे तो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण माणसं तीच होती ना, राव. मेहनतही तेवढीच केली असेल. दुसऱ्या गाण्यालाच उठून जातात लोक. कोणीतरी शेवटपर्यंत बसावं, एवढंच."

तेवढ्यात गॅस कटरवाल्याने ताडपत्री ओढली. आतला सांगाडा गंजून तांबडा झाला होता.

"सायेब, बाजूला व्हा. तुकडे करायचेत, आख्खं गाडीत बसना."

"एक मिनिट," म्हणत भालेराव वाकले आणि त्यांनी फ्रेम पकडून ठेवणाऱ्या एका क्लॅम्पची मूठ धरली. मला वाटलं, आता हिसडे द्यावे लागणार. पण क्लॅम्प आवाज न करता उघडला आणि तसाच अलगद मिटला. त्यांनी पुढचा उघडला, मग त्याच्या पुढचा. एकही अडला नाही. गंजलेल्या त्या धुडाचा प्रत्येक सांधा कोणीतरी वर्षानुवर्षं तेल घालून हलता ठेवला होता.

शेवटचा क्लॅम्प मिटून भालेराव उठले. बोटांवरचं ताजं तेल त्यांनी रुमालाला पुसलं.

"हं," ते कटरवाल्याला म्हणाले, "चालू द्या."