रत्नदीपने कोनसेट उघडला

त्या सकाळी रत्नदीपने मोटरसायकलचा कोनसेट फक्त तपासायचं ठरवलं होतं. उघडायचा विचार त्याच्या मनातही नव्हता. (असं तो अजूनही सांगतो, आणि ऐकणारे अजूनही हसतात.)

कोनसेट म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग. त्यातल्या छर्र्यांवर हँडल फिरतं. ते झिजलं की ब्रेक मारताना पुढून 'टक्' असा आवाज येतो. आदल्या दिवशी ऑफिसातून येताना शिळफाट्याला रत्नदीपने तो आवाज ऐकला आणि रात्रीच त्यावरचा व्हिडिओ शोधून बघितला. कारण आज मागच्या सीटवर त्याची बायको प्रीती बसणार होती. माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात तिचा इंटरव्ह्यू होता, लॅब टेक्निशियनचा. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, त्यानंतरचा हा पहिलाच.

"अहो, कॅब करू या ना सरळ," प्रीती म्हणाली.

"घरात गाडी असताना कॅब? दोन मिनिटांचं काम आहे गं. व्हिडिओ बघितलाय मी."

प्रीतीने छताकडे बघितलं आणि ती साडीला इस्त्री करायला लागली.

मानपाड्याच्या त्यांच्या बिल्डिंगखाली रत्नदीपने गाडी मेन स्टँडवर घेतली. मागचं चाक धरून डावीउजवीकडे हलवलं. ठणठणीत. मागचे शॉकअप दाबून बघितले. तेही ठीक. आता पुढचं चाक अधांतरी हवं होतं, आणि त्यासाठी मागे वजन हवं होतं. नेमकी त्याच वेळी त्याची आई, कांताबाई, चहा गार होतोय हे सांगायला खाली आली.

"आई, जरा मागे बस ना."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. नुसती बस."

मुलगा लाडाने सांगतोय म्हणून कांताबाई बसल्या. पुढचं चाक वर उचललं गेलं. रत्नदीप उकिडवा बसला, चाकाच्या दोन्ही बाजूंचे दांडे खालून धरून त्याने मागेपुढे ओढले. टक्. टक्.

"प्ले आहे!" तो आनंदाने ओरडला.

"काय आहे?" वरच्या गॅलरीतून प्रीतीने विचारलं.

"प्ले! प्ले आहे!"

"इकडे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही खाली खेळताय?"

"अगं, बेअरिंग ढिलं झालंय! आईच्या गुडघ्यासारखं!"

"माझा गुडघाही असाच वाजतो," कांताबाई मागून म्हणाल्या. "तो तुला अजून उघडून बघावासा वाटला नाही, हे माझं नशीब."

म्हणजे रत्नदीपचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. आयुष्यात असे प्रसंग त्याच्यावर फार आले नव्हते, त्यामुळे थांबायचं कसं हे त्याला कळलं नाही. त्याने पाने आणले, हँडल सोडवून टाकीवर आडवं केलं आणि खालचं नट जरासं आवळायला घेतलं. (आवळायची बाजू कोणती, हे व्हिडिओत होतं. तेवढ्यात जाहिरात लागली म्हणून त्याने तो पुढे पळवला होता.)

नट सैल झालं. पुढचं चाक भसकन खाली घसरलं आणि वरून छर्र्यांचा पाऊस पडला. टणाटण उड्या मारत ते पार्किंगभर पसरले, काही गटाराच्या जाळीतून आत गेले.

"अगं बाई!" म्हणत कांताबाई उतरायला लागल्या.

"आई, उतरू नकोस! तू उतरलीस तर गाडी तोंडावर पडेल!"

कांताबाई सीट घट्ट धरून बसल्या. तेवढ्यात शेजारच्या आवडाबाई आल्या. ज्या जमिनीवर ही बिल्डिंग उभी होती ती कधीकाळी त्यांचीच, त्यामुळे आवारातल्या प्रत्येक घटनेवर त्यांचा हक्क होता.

"कांते, कंय चाललीस गो सकाली सकाली?"

"कुठेच नाही. पोराने बसवलंय."

"आनि गारीचा हँडल कंय गेला?"

या प्रश्नाला कोणी उत्तर देण्याआधी प्रीती खाली आली. निळी साडी, हातात फाइल. तिने गाडीकडे बघितलं, सासूकडे बघितलं, मग जमिनीवर रांगणाऱ्या नवऱ्याकडे. पायाशी आलेला एक छर्रा उचलून तिने त्याच्या हातावर ठेवला. रत्नदीपला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कॅब बोलावतो," तो पुटपुटला. ग्रीसने माखलेल्या बोटांना फोन दाद देईना. प्रीतीने आपल्या फोनवर बघितलं. एकही कॅब यायला तयार नव्हती.

"माजे सुनंची स्कूटर उबी हाय," आवडाबाई म्हणाल्या. "पन ती गेलीय म्हायेरी. चालवील कोन?"

"मी," प्रीती म्हणाली.

"तू?" रत्नदीप रांगता रांगता थांबला. "तुला येते?"

"लग्नाआधी कल्याणला आमच्या घरात मीच चालवायचे. बाबांना मागे बसवून मार्केटला न्यायचे. लायसन्स आहे माझ्याकडे."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? गाडी घराबाहेर काढली की तुम्हीच पुढे बसलेले असायचात."

तिने पदर खोचला, हेल्मेट घातलं, गेटपाशी एकदा ब्रेक दाबून बघितला आणि सफाईने वळून ती निघून गेली. रत्नदीप उघड्या तोंडाने बघत राहिला. काळजी वाटायला हवी होती, पण छातीत भलतंच काहीतरी फुलून येत होतं.

"बायको हाय का पायलट?" आवडाबाई म्हणाल्या.

"मला कोणी उतरवणार आहे का?" कांताबाईंनी विचारलं.

शेवटी आवडाबाईंनी घरून तांदळाचं पोतं आणवलं. रत्नदीपने ते सीटवर चढवलं तेव्हा कुठे आईची सुटका झाली. तोवर तिचा चहा, पोहे आणि बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायकांशी गप्पा तिथेच उरकल्या होत्या. पोत्यासह गाडी तशीच उभी राहिली आणि रत्नदीप छर्रे वेचत राहिला.

दुपारी स्कूटर गेटातून आत आली. प्रीतीचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"मिळाली?"

"मिळाली! सोमवारपासून. रक्त घेऊन दाखवायला सांगितलं, पहिल्या फटक्यात नस सापडली. हात जरासुद्धा थरथरला नाही."

रत्नदीपचे डोळे भरून आले. ते पुसल्यामुळे ग्रीस कपाळापर्यंत गेलं. "आणि माझ्याबद्दल काही विचारलं?"

"विचारलं ना. मॅडम म्हणाल्या, मिस्टर सोडायला आले नाहीत का? खोटं कशाला बोलू? म्हटलं, त्यांनी आईंना अधांतरी गाडीवर बसवलंय आणि ते खाली छर्रे शोधताहेत."

"मग? हसल्या?"

"अजिबात नाही. एकदम गंभीर झाल्या. शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या, हिला आजच घ्या, हिला घराबाहेर पडायची फार गरज आहे."