कोंडाजी व अंबाजी यांणीं कुरवंड्याचे टेंकाडीं टेलिफोन फत्ते केला, त्याची हकीकत

श्री भैरवनाथ समर्थ. लोणावळें मुक्कामीं लष्करी टेलिफोनांची मोहीम कैसी जाहली, कोण लढले, कोण हटले, तें साद्यंत लिहून ठेवावें ऐसी मंडळींची आज्ञा जाहली. त्यावरून ऐकिलें-पाहिलें तैसें लिहितों, पदरचें मीठ बेताचेंच घातलें आहे. शके अठराशें अठ्ठ्याऐशीं, संवत्सराचें नांव पराभव. परंतु नांवास भिईल तो मावळा कैसा?

ते समयीं कोंडाजी रेडिओवाले हे लोणावळ्याचे बाजारपेठेंत एका गाळ्याचे मुलखावर राज्य करीत होते. तों पुण्याहून नवे ट्रान्झिस्टर आले, आणि लोकांनीं जुने व्हॉल्वचे रेडिओ माळ्यावर टाकिले, आणि कोंडाजींचे दरबारीं गिऱ्हाईक येईना, आणि गाळ्याचे मालक भिकाजी यांसीं चिक्कीवाल्यांनीं संधान बांधिलें कीं, हा गाळा आम्हांस द्यावा. मुंबईहून मेहुण्याचा निरोप आला कीं, गिरणींत जागा आहे, निघोन यावें. कोंडाजींस अन्न गोड लागेना. मुंबईस जावें तरी नुसत्या विचारानें जीव घुसमटे, आणि राहावें तरी गुळा-शेंगदाण्यांची फौज दाराशीं येऊन ठेपलेली.

ऐसें असतां डोंगरावरील छावणीचा जाहीरनामा निघाला कीं, गेल्या लढाईंतून आलेले मैदानी टेलिफोन बहुत नादुरुस्त आहेत, ते तारेसुद्धां सांभाळण्याचा मक्ता देणें आहे. लहान कारखानदारांस मज्जाव नाहीं. ज्यास हिंमत असेल त्याणें छावणीपासोन कुरवंड्याचे टेंकाडापावेतों तार ओढावी, आणि मेजरसाहेब थांबा म्हणेपावेतों तीवरून बोलत राहावें. हें ऐकोन मुंबईची एक बडी कंपनी जीपगाडी, टायवाले इंजिनेर आणि थर्मासभर चहा ऐसा सरंजाम घेऊन दाखल जाहली.

कोंडाजींनीं मनांत मसलत केली. टेलिफोनाचें पोट फाडून पुन्हां शिवणें त्यांस येत होतें. परंतु तार आणि बॅटऱ्या यांचा साठा कुरवंड्याचे अंबाजी बॅटरीवाले यांजपाशीं, आणि अंबाजींसीं कैक वर्षांचा अबोला. त्याचें कारण ऐसें कीं, वराळ्याचे जत्रेंत अंबाजींचे लाउडस्पीकरचे कर्ण्यानें ऐन कीर्तनांत लांबलचक शिटी मारिली, तेव्हां कोंडाजी चार लोकांत म्हणाले कीं, गाडी सुटली, बसून घ्या. सारी जत्रा हसली, अंबाजी हसले नाहींत. आणि एका ताटांत जेवलेले दोघे दोस्त त्या दिवसापासोन बाजारांत समोरासमोर आले तरी दुकानांच्या पाट्या वाचूं लागले.

मग कोंडाजींचें कुटुंब नंदाबाईसाहेब पदर खोचून वकिलीस निघाल्या, आणि कुरवंड्यास जाऊन त्यांणीं सारा मजकूर अंबाजींचे कानीं घातला. अंबाजी बहुत वेळ बॅटरींत पाणी ओतीत बसले, आणि मग म्हणाले, "येतो. पन त्याच्याशी बोलनार न्हाई."

"भावजी, टेलिफोन बोलायसाठीच असतोय," नंदाबाई म्हणाल्या.

"ते तितं बघू."

येणेंप्रमाणें तह जाहला कीं, मक्ता मिळाल्यास निमे-निमे, आणि उभयतांचें बोलणें वकिलांचे मार्फत. मग गाळ्यांत काम सुरू जाहलें, आणि कोंडाजींनीं नंदाबाईंस सांगावें कीं पक्कड पाहिजे, नंदाबाईंनीं अंबाजींस सांगावें, आणि अंबाजींनीं हातभर अंतरावरील पक्कड नंदाबाईंचे हातीं द्यावी, ऐसा कारभार चालला. परंतु छावणीनें परीक्षेस दिल्हेले टेलिफोन एकामागोन एक जिवंत होत गेले.

मार्गशीर्षांत परीक्षेचा दिवस उगवला. प्रथम कंपनीची तार गेली, आणि आवाज खणखणीत आला. इंजिनेरांनीं हॅलो म्हटलें, टेस्टिंग म्हटलें, थंडी फार आहे म्हटलें, वर्तमानपत्र वाचून दाखविलें, आणि मग त्यांस बोलावयास विषय उरेना. साहेब थांबा म्हणेनात. शेवटीं आवाज घोगरा होऊन बसला. टेलिफोनाचा कीं माणसाचा, हें कळलें नाहीं.

मग अंबाजी तार ओढीत टेंकाडावर गेले आणि कोंडाजी छावणींत यंत्रापाशीं बसले. नंदाबाईंनीं रिवाजाप्रमाणें रिसीव्हर घेऊं पाहिला, तों मेजरसाहेबांनीं फर्माविलें कीं, मक्तेदारांनीं खुद्द बोलावें. कोंडाजींनीं रिसीव्हर कानास लाविला. तारेंतून आवाज येईना. इंजिनेर गालांत हसले. परंतु कोंडाजींस पलीकडे डोंगर चढून आलेल्या माणसाचा श्वास स्वच्छ ऐकूं येत होता.

"अंबाजी," ते म्हणाले.

तारेंतून आलें, "व्हय."

मग अंबाजी म्हणाले, "म्हातारी गेली तवा मी आलतो. नाक्यापातुर आलतो. फुडं पाऊलच पडंना."

कोंडाजींचे आईनें दोघांस एका हातानें वाढिलें होतें. "लय इचारायची तुला," ते म्हणाले. "अंबू कुटं ऱ्हायला, म्हनायची."

"आन् तू काय सांगायचास?"

"कामात हाय म्हनायचो."

मग धरणाचें दार उघडावें तैसें बोलणें सुटलें. म्हातारीचें झालें, आणि अंबाजींचे लेकीचे सोयरिकीचें झालें, आणि म्हैस व्याली तें झालें, आणि कर्ण्याचे शिटीवर उभयतां ऐसे हसले कीं तार थरथरली. मेजरसाहेब पंजाबचे, त्यांस अक्षर कळेना. त्यांणीं बाजूस कान लावून बसलेले हवालदार बाजीराव यांस पुसिलें कीं, हे काय बोलतात. हवालदारांनीं डोळे पुसून अर्ज केला, "साब, लाइन एकदम साफ है."

साहेबांनीं थांबा म्हणोन हुकूम दिल्हा, आणि पुन्हां दिल्हा. परंतु तो अमलांत येईना, कारण लाइन गुंतली होती.

येणेंकरून छावणीचा मक्ता कोंडाजी व अंबाजी उभयतांचे नांवें कायम जाहला, चिक्कीवाले वेढा उठवून स्टेशनाकडे गेले, मुंबईचा सरंजाम घाट उतरला, आणि नंदाबाईसाहेबांस वकिलीच्या हुद्द्यावरून सन्मानानें मोकळें करण्यांत आलें. घडलें तैसें नमूद केलें आहे. शब्द कोठें चुकला असेल तो वाचणारांनीं दुरुस्त करावा, तार मात्र तोडूं नये, ही विनंती.